ओव्हन तापत नाही? सुटा भाग विकत घेण्याआधी हे करून बघा

आमचा ओव्हन पहिल्यांदा थंड पडला तेव्हा मी नवा थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) आणून बसवला. ओव्हन थंडच. मग नवं एलिमेंट (तापणारा रॉड) आणलं. तरी थंडच. शेवटी कंटाळून आतली एकेक वायर हाताने हलवून बघितली, तर सिलेक्टर स्विचवरची (वरचं, खालचं एलिमेंट, पंखा यांतून निवडायच्या मुठीमागची) एक वायर थिंबलसकट, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडासकट, माझ्या हातात आली. थिंबल सैल होऊन जळलं होतं. वरचं आवरण शाबूत आणि आत तांब्याचा काळा भुगा. दोन चांगले भाग उगाच बदलले, आणि खरं काम निघालं दहा मिनिटांचं.

त्यानंतर एक सवय लावून घेतली: आधी बघायचं, मग मोजायचं, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने जातो. मुख्यतः विजेच्या ओव्हनबद्दल आहे, मग तो टेबलावरचा छोटा ओटीजी असो की कपाटात बसवलेला मोठा. गॅसच्या ओव्हनबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

मायक्रोवेव्ह मात्र उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहू शकतो. मायक्रोवेव्ह आणि ओव्हन एकाच डब्यात असलेलं कॉम्बिनेशन मॉडेल असेल तरी तेच. ते काम माहितगाराचं.

## १. ओव्हन खरंच बिघडलाय का?

हसू नका, पण बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

वीज जाऊन आली की काही मोठ्या ओव्हनचं घड्याळ पुन्हा लावावं लागतं. आकडे लुकलुकत असतील तर तोवर ओव्हन तापायलाच नकार देतो. ओटीजीत टायमरची मूठ शून्यावर असेल तर थर्मोस्टॅट कितीही फिरवा, उपयोग नाही. सिलेक्टर नुसत्या दिव्याच्या किंवा पंख्याच्या खुणेवर राहिलेला असतो. चाइल्ड लॉक लागलेलं असतं. शोरूममध्ये ठेवलेला ओव्हन घेतला असेल तर तो ‘डेमो मोड’मध्ये असू शकतो: दिवा लागतो, आकडे दिसतात, पंखा फिरतो, ऊब मात्र नाही. यातून बाहेर कसं पडायचं ते मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत असतं.

मग एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, बघा. ज्या देशांत मोठ्या ओव्हनला दोन जिवंत वायरींतून २४० व्होल्ट मिळतात, तिथे त्यातली एकच बाजू गेली तर दिवा आणि घड्याळ चालू राहतं आणि एलिमेंट तापत नाही. माणूस ओव्हन उघडून बसतो आणि दोष भिंतीत असतो.

## २. वीज तोडा, आणि तुटली आहे याची खात्री करा

नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण एकच वायर तोडत असेल तर दुसरी जिवंत राहते. प्लग काढा आणि डोळ्यांसमोर ठेवा. प्लग नसेल, वायर थेट भिंतीत गेली असेल, तर त्या लाइनचा एमसीबी पाडा, त्यावर चिकटपट्टी लावून ‘काम चालू’ लिहा आणि घरातल्यांना सांगून ठेवा. कव्हर काढल्यावर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मुख्य जोडणीच्या टोकांवर शून्य दिसतंय ना ते बघा. त्याआधी तोच मीटर एखाद्या चालू सॉकेटवर तपासून घ्या, म्हणजे बॅटरी संपलेल्या मीटरवर विश्वास ठेवला असं होणार नाही.

ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. बाहेरून थंड लागला तरी आतलं एलिमेंट आणि काच बराच वेळ ऊब धरून असतात.

## ३. काय काय जवळ हवं

- मल्टिमीटर. साधा चालेल, पण त्यात ओहम (रोध मोजायला) आणि कंटिन्युइटी (वायर अखंड असेल तर बझर वाजवणारी) हवी.
- पेचकस: चौफुलीचा आणि चपटा. काही ओव्हनला ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू असतात, त्यासाठी टॉर्क्सचा.
- लांब चोचीची पक्कड, थिंबल दाबायची पक्कड.
- हातमोजे आणि मास्क. पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, आणि आतली ग्लासवूल हाताला लागली की दिवसभर खाज.
- कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. का ते पाचव्या पायरीत.
- फोनचा कॅमेरा. प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो, दोन बाजूंनी.
- ओव्हनच्या पाटीचा फोटो. ही पाटी दाराच्या चौकटीवर किंवा मागे असते. मॉडेल नंबर, व्होल्ट आणि वॉट तिथेच मिळतात, आणि सुटा भाग मागवताना नुसतं कंपनीचं नाव सांगून चालत नाही.
- बिल आणि वॉरंटी कार्ड. वॉरंटी शिल्लक असेल तर पेचकस खाली ठेवा आणि कंपनीला बोलवा.

ओव्हन फारच जुना असेल आणि आत पांढरट, तंतुमय, भुसभुशीत जाड पट्टी दिसली तर तिला खरवडू नका. जुन्या उपकरणांच्या गॅस्केटमध्ये (दाराभोवतीच्या पट्टीत) आणि आच्छादनात ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं. ते श्वासात जाणं धोक्याचं.

## ४. लक्षणावरून संशयित ठरवा

सगळाच ओव्हन मेलेला, दिवाही नाही: वीजपुरवठा, मुख्य वायर, थर्मल कटआउट.

दिवा आणि पंखा चालू, पण ऊब नाही: एलिमेंट, त्याची जोडणी, सिलेक्टर स्विच, थर्मोस्टॅट. याच क्रमाने.

वरून करपतं आणि खाली कच्चं राहतं: खालचं एलिमेंट. उलट असेल तर वरचं.

एक बाजू जास्त भाजली जाते: पंखा, दाराचं गॅस्केट, किंवा तळाला पसरलेली ॲल्युमिनियम फॉइल. तळाला फॉइल लावूच नका. हवेची वाट अडते आणि उष्णतेने ती एनॅमलला कायमची चिकटते.

चालू केल्यावर ईएलसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पडतो: एलिमेंटमध्ये अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज पत्र्यात उतरणं, किंवा आवरण जळून कुठेतरी पत्र्याला टेकलेली वायर.

बंद केल्यावरही तापतच राहतो: थर्मोस्टॅटचे किंवा बोर्डवरच्या रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले आहेत. लगेच एमसीबी पाडा आणि दुरुस्तीपर्यंत ओव्हन वापरू नका.

## ५. एलिमेंट: इथे वेळ घालवा

एलिमेंट म्हणजे आत नायक्रोमची वेटोळी तार, बाहेर धातूची नळी, आणि दोहोंमध्ये दाबून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी. ही भुकटी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. तार तुटली की ऊब संपली. भुकटीत ओल शिरली किंवा नळीला भोक पडलं की वीज बाहेरच्या पत्र्यात उतरते.

आधी डोळ्यांनी बघा. फोड आलेला, फुगलेला, तडकलेला किंवा जळून पांढरा ठिपका पडलेला भाग दिसला तर मोजायचीही गरज नाही. पण पुष्कळदा एलिमेंट बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आत तार तुटलेली असते, म्हणून मीटर.

खालचं एलिमेंट बऱ्याच ओव्हनमध्ये आतूनच, दोन स्क्रू काढून पुढे ओढता येतं. ते हळूच चार-पाच सेंटिमीटर ओढा, वायरी दिसतील. इथेच नवखा माणूस फसतो. वायर सुटल्याबरोबर सळकन मागच्या भोकातून आत निघून जाते आणि मग ती शोधायला अख्खा ओव्हन कपाटातून बाहेर काढावा लागतो. म्हणून थिंबल काढण्याआधी प्रत्येक वायरीला चिमटा लावा. चिमटा भोकातून जात नाही, वायर जागच्या जागी.

निदान एक वायर सोडवल्याशिवाय मोजू नका, नाहीतर मीटर दुसऱ्याच मार्गाने फिरून भलता आकडा दाखवतो. एलिमेंटच्या दोन टोकांना मीटरच्या काड्या लावा. किती ओहम यायला हवेत ते स्वतः काढता येतं: व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २३० व्होल्टवर २००० वॉटच्या एलिमेंटला साधारण २६ ओहम, १२०० वॉटला ४४, ८०० वॉटला ६६. थंड एलिमेंटचा आकडा यापेक्षा किंचित कमी येतो, तेवढ्याने घाबरू नका. मीटरवर ‘ओएल’ आलं, म्हणजे आकडाच नाही, तर तार तुटली आहे.

छोट्या ओव्हनमध्ये दोन रॉड कधीकधी एकापाठोपाठ जोडलेले असतात. एक तुटला की दुसराही गार. दोन्ही एकदम गेले असं वाटलं तर प्रत्येक वेगळा मोजा.

दुसरं मोजमाप लोक विसरतात. एक काडी एलिमेंटच्या टोकाला आणि दुसरी बाहेरच्या नळीला, मीटर ओहमच्या सगळ्यात वरच्या रेंजवर. इथे ‘ओएल’च यायला हवं. आकडा आला तर एलिमेंट बाद. साधा मीटर थोड्याच व्होल्टवर मोजतो, त्यामुळे इथे पास झालेलं एलिमेंटही तापल्यावर ईएलसीबी पाडू शकतं. अशा वेळी इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टवर गळती तपासणाऱ्या मीटरने) तपासून घ्या. आणि ईएलसीबी पडतो म्हणून ओव्हनची अर्थिंगची वायर काढून टाकणारे महाभाग आहेत. त्यांचं कधीही ऐकू नका. त्यानंतर पत्र्यात उतरलेल्या विजेला एकच वाट उरते, दाराच्या मुठीवरच्या हाताची.

नवं एलिमेंट घेताना वॉट आणि व्होल्ट जुळायला हवेतच, शिवाय आकार, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि टोकांची जात पाहा. जास्त वॉटचं बसवून लवकर तापेल हा हिशेब चुकीचा आहे. आतली वायर आणि स्विच तेवढा प्रवाह सहन करण्यासाठी बनवलेले नसतात.

## ६. थिंबल आणि वायरी

सैल जोडणीला रोध जास्त, म्हणून ती तापते. तापली की धातूची पकड आणखी ढिली होते, आणि मग ती आणखी तापते. शेवटी ती जळते. प्रत्येक थिंबल हळूच ओढून बघा. काळं, निळसर किंवा ठिसूळ झालेलं कापून टाका, वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे सोला आणि नवं दाबून बसवा. ज्या पात्यावर ते बसतं तेही जळलेलं असेल तर नवं थिंबलही टिकणार नाही. तो भाग बदलावाच लागेल.

इथे तीन गोष्टी वर्ज्य. साधी पीव्हीसीची वायर, कारण तिचं आवरण नेहमी ७० अंश सेल्सियसपर्यंतच्या कामासाठी असतं. ओव्हनला फायबरग्लासची किंवा सिलिकॉनची उष्णतारोधक वायर लागते. सोल्डर, कारण शिसं-कथिलाचं नेहमीचं सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं. आणि काळी इन्सुलेशन टेप, जिचा चिकट रस होऊन जातो. जोड द्यायचाच असेल तर चिनी मातीचा कनेक्टर वापरा.

## ७. थर्मोस्टॅट आणि सेन्सर

मूठ फिरवायच्या ओव्हनमध्ये आत, मागच्या किंवा बाजूच्या भिंतीला पेन्सिलीसारखी एक बारीक दांडी चिमट्यात बसवलेली दिसते. तिच्यात द्रव असतो. तो तापून फुगला की केसासारख्या बारीक नळीतून थर्मोस्टॅटच्या पडद्याला ढकलतो आणि ‘टिक्’ करून वीज तुटते. मूठ शून्यापासून फिरवताना हा आवाज ऐकू यायला हवा.

थर्मोस्टॅट बदलण्याआधी ती दांडी चिमट्यातून निसटून भिंतीला किंवा एलिमेंटला टेकली नाही ना ते बघा. ओव्हन साफ करताना हे हमखास होतं. पुन्हा जागेवर बसवली की बिघाड ‘बरा’ होतो. नळी मात्र तीक्ष्ण कोनात वाकवू नका. ती चिरून द्रव गळाला तर साध्या थर्मोस्टॅटला ओव्हन कायम थंडच वाटतो आणि तो एलिमेंट बंदच करत नाही.

आकड्यांच्या पडद्याच्या ओव्हनमध्ये याच जागी सेन्सर असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तो प्लॅटिनमचा असतो: शून्य अंशाला १००० ओहम, २५ अंशांना सुमारे १०९७, २०० अंशांना सुमारे १७५८. काहींमध्ये निम्म्या रोधाचा, म्हणजे शून्य अंशाला ५०० ओहमचा. सेन्सर सोडवून मोजा, आकडा स्थिर आला आणि हाताच्या उबेने हळूहळू वाढला तर तो ठीक आहे. काही मॉडेलांत उलट्या चालीचा सेन्सर असतो, तापला की ओहम घटणारा. म्हणून माहितीपुस्तिकेतला तक्ता शोधा.

ओव्हन तापतो पण आकडा खोटा वाटतो, तेव्हा ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा, १८० वर लावा आणि तापल्यावरही वीस मिनिटं थांबा. मग दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. ओव्हन कधीच एका आकड्यावर थांबत नाही. दहा-पंधरा अंश वरखाली होणं हा त्याचा स्वभाव आहे, म्हणून सरासरी धरा. थर्मामीटर नसेल तर साखर आहेच. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. चमचाभर साखर वाटीत घालून १७५ वर पंधरा मिनिटं ठेवा, दाणेदारच राहायला हवी. १९० वर पुन्हा पंधरा मिनिटं ठेवली तर वितळायला हवी. सरासरी नेहमीच एका बाजूला झुकत असेल तर काही मॉडेलांत मेनूमधून, काहींत मुठीमागच्या स्क्रूने ती सुधारता येते. भाग बदलायची गरजच नाही.

## ८. थर्मल कटआउट

नाण्याएवढा, दोन पात्यांचा, मागच्या पत्र्यावर बसवलेला. ओव्हन प्रमाणाबाहेर तापला की वीज तोडतो. काहींवर मध्ये छोटं बटण असतं, ते दाबलं की परत जुळतो. थंड असताना कंटिन्युइटीचा बझर वाजायला हवा.

तो गेला असेल तर तो का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. कूलिंग फॅन अडकलाय का, ओव्हन कपाटात हवेला जागा न सोडता कोंबलाय का, थर्मोस्टॅट चिकटलाय का? दोन पाती वायरीने थेट जोडून ‘सध्या चालवून घेऊ’ हा विचार मनातही आणू नका. घराला आग लावायची ती सोपी पद्धत आहे. नव्यावर छापलेला तापमानाचा आकडा जुन्याइतकाच हवा.

एक जाता जाता: स्वतः साफ होणारे ओव्हन त्या कामात ५०० अंशांच्या आसपास तापतात, आणि कमकुवत झालेला कटआउट नेमका तेव्हाच जातो. घरी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ते बटण दाबू नका.

## ९. पंखा

घरघर, खरखर किंवा कर्कश आवाज आला तर बेअरिंग गेलंय किंवा पातं पत्र्याला घासतंय. वीज तोडलेली असताना बोटाने फिरवून बघा, पातं सहज फिरायला हवं. पातं धरणारं नट काढताना लक्षात ठेवा: पुष्कळ ओव्हनमध्ये त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे माहीत नसलेले लोक जोर लावून दांडाच मोडतात. (विचारू नका मला कसं माहीत.)

ओव्हन बंद केल्यावर काही वेळ चालू राहणारा पंखा वेगळा. तो कूलिंग फॅन, आणि ते त्याचं कामच आहे.

## १०. दार, बिजागरी, गॅस्केट, दिवा

दार बंद करताना कागदाची पट्टी मध्ये धरा आणि ओढा. अडकत यायला हवी. चारही बाजूंना करून बघा. पट्टी सरळ निघून आली तर गॅस्केट दबलंय किंवा बिजागरी ढिली झाली आहे. गॅस्केट बहुधा नुसत्या आकड्यांनी अडकवलेलं असतं, हाताने ओढून निघतं. खालच्या बाजूला त्यात मुद्दाम सोडलेली फट काही मॉडेलांत असते, हवा आत यावी म्हणून. ती बुजवू नका.

दार काढायचं असेल तर आधी पूर्ण उघडून दोन्ही बिजागऱ्यांवरचे खटके वर करा. आत दणकट स्प्रिंग असते. खटका न लावता दार उचललं तर बिजागरी फाटकन मिटते आणि मध्ये बोट असेल तर बोट चेचतं. काचेवर धातूचा खरवडा चालवू नका. टफन्ड काचेवरचा ओरखडा नंतर कधीतरी, तापलेली असताना, अख्खी काच फोडतो.

दिव्याचं काम सोपं. काचेची टोपी घड्याळाच्या उलट फिरवून काढा. बल्ब ३०० अंशांसाठीचाच घ्या, साधा किंवा एलईडी तिथे टिकत नाही. हॅलोजन असेल तर कापडाने धरा, बोटाच्या तेलाने तो लवकर जातो.

## ११. गॅसचा ओव्हन असेल तर

मूठ सोडली की ज्योत विझत असेल तर संशयित थर्मोकपल, म्हणजे ज्योत पेटलेली असेपर्यंतच गॅस चालू ठेवणारा सेन्सर. ज्योतीत असणारं त्याचं टोक काजळीने माखलेलं किंवा सरकलेलं असतं. गॅस बंद करून, गार झाल्यावर पुसून सरळ करा. पेटवताना मूठ दहा-पंधरा सेकंद दाबून धरा.

काही ओव्हनमध्ये काडेपेटी किंवा ठिणगी नसते, लालबुंद होणारा इग्नायटर असतो. तो तापतो, चमकतो, पण गॅस सुटत नाही. लोक व्हॉल्व्ह बदलतात. खरं तर इग्नायटर म्हातारा झाल्याने व्हॉल्व्ह उघडण्याइतका प्रवाह जाऊ देत नाही. चमकतोय म्हणजे चांगला, असं इथे नसतं.

गॅसची नळी, व्हॉल्व्ह आणि जोड यांना हात लावणं परवानाधारकाचं काम. वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता खिडक्या उघडा, मुख्य कॉक बंद करा आणि बाहेर जाऊन फोन करा.

## १२. जोडणी आणि पहिली आच

फोटो समोर ठेवून वायरी लावा. कुठलीही वायर एलिमेंटला किंवा पत्र्याच्या धारेला टेकत नाही ना, ते बघा. अर्थिंगचा स्क्रू घट्ट करा, मग मीटरची एक काडी प्लगच्या अर्थ पिनेला आणि दुसरी ओव्हनच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. बझर वाजला पाहिजे. मागचं कव्हर बसवल्याशिवाय प्लग लावू नका. ‘एकदा चालतंय का बघू’ म्हणून उघड्या ओव्हनला वीज देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

नवं एलिमेंट पहिल्यांदा तापलं की वास येतो, थोडा धूरही येतो. कारखान्यातलं तेल जळत असतं. खिडकी उघडा आणि रिकामा ओव्हन २०० वर अर्धा तास चालवा. पहिली दहा मिनिटं समोरून हलू नका आणि प्लग हाताशी ठेवा. धूर कमी न होता वाढत गेला, किंवा वास तेलाचा नसून जळक्या प्लॅस्टिकचा असेल, तर लगेच बंद करा. कुठलीतरी वायर नको तिथे टेकली आहे. दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरुवात.